एक गाय, ती गाय

पाटोद्याच्या पुढच्या एका गावात हायस्कूलवर इंग्रजी शिकवायला मी रुजू झाले, तेव्हा तिकडचा सलग दुसरा पावसाळा कोरडा गेला होता. मी परळीची. वडील वीज केंद्रात कामाला होते, त्यामुळे वाळत घातलेल्या कपड्यांवर राख बसणारच असं मी लहानपणापासून धरून चालले होते. इथे कपड्यांवर काही बसत नव्हतं, पण ते धुवायला पाणीही नव्हतं.

खोली मिळाली ती दूध संस्थेच्या वरच्या मजल्यावर. खाली संकलन केंद्र, वर मी. वडील वारल्यानंतर भाऊ पुण्याला गेला होता. परळीला परत जाण्यासारखं कोणी उरलं नव्हतं, म्हणून रविवारीही मी गावातच असायचे. दुपारी इतकी शांतता असे, की खालच्या रिकाम्या कॅनचं झाकण पडलं तरी मी दचकायचे.

दिवाळी झाली आणि मुकादमांचे ट्रक आले. पोती, भांडी, कोंबड्या, लेकरं घेऊन माणसं ऊसतोडीला साखर कारखान्यांकडे निघून गेली. दहावीच्या वर्गातली निम्मी बाकं रिकामी झाली. त्याच आठवड्यात मला डिटर्मिनर शिकवायचे होते, म्हणजे नामाच्या आधी येणारे ते छोटे शब्द: अ, ॲन, द, सम, एनी, दिस, दॅट. फळ्यावर ‘फ्यू’ आणि ‘अ फ्यू’ लिहून मी सांगितलं, नुसतं ‘फ्यू’ म्हणजे जवळजवळ नाहीतच, आणि ‘अ फ्यू’ म्हणजे थोडे का होईना, पण आहेत.

मागच्या बाकावरून एका मुलीने विचारलं, “मॅडम, मग आमी फ्यू का अ फ्यू?”

“अ फ्यू,” मी म्हणाले. मुलं हसली.

संकलन केंद्र चालवणारी बाई माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी असेल. नवऱ्याने दुसरं लग्न केल्यावर ती माहेरी भावाकडे आली होती. भाऊ आणि वहिनी तोडीला गेले, की संस्थेला लागूनच असलेल्या घरात ती आणि तिची गाय. सकाळ-संध्याकाळ दूध मोजायचं, त्याची फॅट तपासायची, आणि मधल्या वेळात दहावीचं पुस्तक घेऊन बसायचं. ती बाहेरून परीक्षेला बसणार होती. एका संध्याकाळी ती जिना चढून वर आली आणि दारातच उभी राहिली.

“मॅडम, बाकी समदं जमतंय, पण ह्ये ‘द’ कुटं लावायचं आन् कुटं न्हाई, त्येच कळंना.”

त्या दिवसापासून ती रोज यायची. मी तिला ताई म्हणू लागले, ती मला मॅडमच म्हणत राहिली. ‘दिस’ आणि ‘दॅट’ तिला लगेच आले, कारण ‘हा’ आणि ‘तो’ आपल्याकडे आहेतच. ‘सम’ आणि ‘एनी’ने छळलं. पण खरी अडचण ‘अ’ आणि ‘द’चीच होती. मराठीत आपण नुसतं ‘गाय’ म्हणतो, आणि कुठली ते बोलण्याच्या ओघात कळतं. मी सांगायचे, “पहिल्यांदा एखाद्या गायीबद्दल सांगत असलात तर ‘अ काऊ’. मग तिच्याबद्दलच पुढे बोलायचं असेल तर ‘द काऊ’.” ती मान डोलवायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा चुकायची.

पौषात गावाजवळची विहीर आटली. चाऱ्याची छावणी लांब होती, आणि दूध संस्था सोडून तिला तिथे राहता येत नव्हतं. तिने गाय बाजारात विकली. त्या संध्याकाळी ती येणार नाही असं मला वाटलं होतं, पण ती आली. मी काहीच शिकवलं नाही. तिनेच पाटीवर एक वाक्य लिहिलं: आय सोल्ड द काऊ.

मी सवयीने म्हणाले, “पहिल्यांदा सांगताना ‘अ’ येईल, ताई.”

“काहून? मला ठावं हाय की कोणती गाय.”

“नुसतं सांगणाऱ्याला माहीत असून चालत नाही. ऐकणाऱ्यालाही माहीत पाहिजे.”

“तुमाला ठावं न्हाई व्हय?”

मला माहीत होती. कपाळावर पांढरा ठिपका असलेली ती गाय खाली खुंट्याला बांधलेली असायची, पहाटे तिच्याच हंबरण्याने मला जाग यायची. मी म्हणाले, “बरोबर आहे. ‘द’च.” मग ती रडली. मी तिच्याजवळ जाऊन बसले, आणि कितीतरी दिवसांनी माझा हात कुणाच्या तरी पाठीवर होता.

गावातली जनावरं छावणीला गेली तसं दूध येणं थांबलं. संस्थेच्या चेअरमनने कॅन उपडे करून ठेवायला लावले आणि संकलन बंद केलं. त्याच सुमारास कारखान्यावरून तिच्या भावाचा निरोप आला. वहिनीचा हात मोडला होता. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, एकट्याचा अर्धा, आणि अर्ध्या कोयत्याला मुकादम टोळीत ठेवायला तयार नव्हता. ताई दुसऱ्या दिवशी गेली. जाताना एवढंच म्हणाली, “परीक्षेला येते, मॅडम.”

मग खाली कुलूप आणि वर मी. शाळेतून आले की संध्याकाळ संपता संपायची नाही. कधी कधी मी मोठ्याने इंग्रजी वाक्यं म्हणायचे, फक्त खोलीत आवाज व्हावा म्हणून. एकदा ‘देअर इज नोबडी डाउनस्टेअर्स’ असं म्हटलं आणि त्यानंतर ती सवय सोडून दिली.

पुढे जोडून सुट्टी आली तेव्हा मी पुस्तक पिशवीत घातलं आणि एसटीत बसले. कारखान्याजवळ उतरले तर माळावर नजर पोचेल तिथवर कोप्या, उसाच्या वाळल्या पाचटाच्या झोपड्या. मी एका माणसाला विचारलं, “बीडची एक बाई आहे, भावाबरोबर आलेली…”

“बाई, हितं समदे बीडचेच हायेत,” तो म्हणाला. “कोण बाई?”

तिचं वर्णन करताना माझ्या लक्षात आलं, की मला तिच्याबद्दल फार कमी सांगता येतंय. नाव सांगितलं, उंची सांगितली, हसणं सांगितलं, पाटोद्याकडचं गाव सांगितलं. कोप्यांमधून फिरत, विचारत राहिले. ऊन उतरल्यावर उसाच्या गाडीमागून तीच चालत आली. डोक्यावर उसाच्या हिरव्या वाढ्यांचा भारा, हातावर पाचटाने ओढलेले ओरखडे. मला बघून ती आधी घाबरलीच.

“काय झालं मॅडम? गावाकडं काय झालं का?”

“काही नाही. ‘सम’ आणि ‘एनी’ राहिले होते.”

ती इतक्या जोरात हसली, की शेजारच्या कोपीतली माणसं बाहेर आली. तिने भाकरी टाकल्या, वहिनीने एका हाताने मला पाणी दिलं. जेवण झाल्यावर आम्ही पुस्तक उघडलं. मी म्हणाले, “प्रश्नात आणि नकारात बहुतेक वेळा ‘एनी’ येतं.” तिने दोन वाक्यं बरोबर केली. तिसऱ्याला उत्तर आलं नाही. बघते तर ती बसल्या जागी झोपली होती, डोकं कोपीच्या बांबूला टेकवून. मी पुस्तक मिटलं आणि तिच्या अंगावर गोधडी टाकली.

मार्चमध्ये ती खरंच आली. पेपर असतील तेवढे दिवस माझ्याच खोलीत राहिली. इंग्रजीच्या पेपराला मी पाटोद्याच्या केंद्रापर्यंत तिच्याबरोबर गेले. बाहेर आली तेव्हा म्हणाली, “एक ‘द’ चुकलाय. लिवून झाल्यावर कळालं.” इंग्रजी सुटलं, गणित राहिलं, ते तिने पुढच्या खेपेला सोडवलं. तोडीला गेलेल्यांच्या लेकरांसाठी गावात हंगामी वसतिगृह सुरू झालं आणि तिला तिथे काम मिळालं. तोवर माझी बदली गेवराई तालुक्यात, उमापूरला झाली होती.

तिथेही मी एकटीच राहिले. सुरुवातीला आमचे फोन व्हायचे, मग सणावारी, मग तेही कमी झाले. काही वर्षांनी कामासाठी पाटोद्याला गेले, तेव्हा बाजारात ती भेटली. वसतिगृहासाठी वांगी, बटाटे घेत होती आणि बरोबरच्या मुली तिला सारख्या हाका मारत होत्या. आम्ही उभ्या उभ्याच चहा घेतला. “ऱ्हावा की आजच्या दिस,” ती म्हणाली. तेवढ्यात एका मुलीला भोवळ आली, ताई तिच्याकडे धावली, मुलीला सावलीत बसवलं, पदराने वारा घालू लागली. तिची पाठ माझ्याकडे होती. मी थोडा वेळ थांबले. मुलगी पाणी प्यायली, बरी झाली. मग ताईला हाक न मारताच मी दोन्ही कपांचे पैसे दिले आणि स्टँडवर गेवराईची गाडी लागली होती, तिच्यात जाऊन बसले.