उसाच्या हिशोबाचं मैदान

मी कळसजवळच्या एका शाळेत खेळाचा मास्तर आहे. आमच्याकडे कुठलाही हिशोब फिरून उसावरच जातो, हे मला मैदानानं शिकवलं.

आमच्या मुलींच्या फुटबॉल टीमची मॅच पहिल्यांदाच घरच्या मैदानावर होणार होती. एरवी जीपमधून बारामतीला जायचं, खेळून परत यायचं. गावात कुणी त्यांचा खेळ पाहिलेलाच नव्हता. गोलकीपरच्या आईनं तर मला सांगूनच टाकलं होतं, "सर, ही नुसती हात पसरून हुबी राहती म्हनं. ह्याला काय खेळ म्हनायचं? औंदा खेळू दे, पुढं बास." तिनं पोरीला एकदा खेळताना बघावं, एवढीच माझी आशा होती. पण मैदान धड नसेल तर मॅच पुन्हा बारामतीलाच जाईल, असा वरून निरोप आला होता.

मी टेप घेऊन मैदान मोजलं. भेगा बुजवायला वाळू आणि पोयटा किती ब्रास लागेल, तो अंदाज बरोबर निघाला. खतापाशी आलो आणि माझे चुलते, तात्या, हजर झाले. ते मैदान समितीचे अध्यक्ष. लहानपण मेंढरांमागं गेलेलं, आता उसाचे बागायतदार.

"ट्रॉल्या कसल्या मोजतोस, मास्तर? मेंढरं बसवू की!"

रात्री रानात कळप बसवला की लेंडीखत आपोआप पडतं. तात्यांनी बोटांवर हिशोब मांडला: इतके गुंठे, इतकी मेंढरं, इतक्या रात्री. मी कॅल्क्युलेटरवर तपासला. तंतोतंत! फक्त तो उसाचा होता, हे दोघांच्याही ध्यानात आलं नाही. वर तात्यांनी "लेकरांचं मैदान हाय" म्हणून मायेनं आणखी रात्री वाढवल्या.

मग पाणी दिलं, आणि गवतानं फारच मनावर घेतलं. बघता बघता पोटरीला लागलं. चेंडू मारला की आत शिरून दडून बसायचा. कापायचं मशीन चार ढांगा गेलं आणि गपगार झालं. मॅच तोंडावर आलेली, माझा जीव टांगणीला, आणि तात्या उसाचे कोंब बघावेत तशा कौतुकानं म्हणतात, "काय फुटवा हाय, बघ!"

शेवटी त्यांनीच गावात सांगितलं, चारा फुकट हाय, विळा घेऊन या. सकाळीच बायका ओळीनं कापायला बसल्या. गोलकीपरची आई मधेच थांबली.

"सर, आमची कुठं हुबी राहती?"

मी गोलचे खांब दाखवले.

"तितलं मी कापते. दुसऱ्या कुणी हात लावू नका."

तिनं तिथलं गवत अगदी मुळाशी, एकसारखं कापलं. मशीनला लाजवील असं.

मॅचला सगळ्याजणी काठाला उभ्या होत्या. समोरच्या टीमनं जोरात चेंडू हाणला, आमची पोरगी आडवी झेपावली, चेंडू छातीशी आवळून पडली आणि उठेना. पंच ओरडत असतानाच आई मैदानात शिरली. पोरीचं कोपर खरचटलं होतं, पण ती हसत होती. आईनं पदरानं कोपर पुसलं, मग खालची जमीन हातानं चाचपून पाहिली.

परत जाताना माझ्याजवळ थांबली. "लई बारीक कापलं मी. पुढच्या वर्षी हितं थोडं गवत ठेवते, सर. म्हंजी पडली तरी लागायचं न्हाय."