खाकी टप

दातांचा डॉक्टर म्हणून परभणीत माझं बस्तान नुकतंच बसलं होतं. तेव्हा हैदराबादच्या एका निवृत्त अधिकाऱ्याकडून मी एक जुनी विलायती मोटार घेतली. लाल, ठेंगणी, दोघंच बसतील अशी. वरचा कापडी टप मागं पाडला की उघडी गाडी. पण तो टप इतका जीर्ण होता की उघडला काय आणि लावला काय, ऊन सारखंच लागायचं.

स्टेशनाजवळ टांग्यांचे आणि जीपगाड्यांचे टप शिवणारा एक कारागीर होता. त्यानं माझ्यापुढं काळं रेक्झीन, बदामी रेक्झीन आणि जाड खाकी कॅनव्हास असे तीन नमुने टाकले. बायको सोबत होती. तिनं लगेच सांगितलं, "अहो, काळं घ्या. लाल गाडीवर शोभून दिसेल."

मी एक विलायती मासिक चाळलेलं होतं. त्या जोरावर मी दुकानात उभ्या उभ्या व्याख्यान दिलं. रेक्झीन तापतं, कॅनव्हासमधून हवा खेळते, खाकी रंगाला एक लष्करी रुबाब असतो वगैरे. कारागीर म्हणाला, "आपली मर्जी, साहेब." बायको दुकानाबाहेर जाऊन उभी राहिली. तो मी माझा विजय समजलो.

टप तयार झाला तो शहात्तर सालच्या हिवाळ्यात. त्याच आठवड्यात मेहुणीच्या सोयरिकीचं बोलायला पाथरीकडच्या एका खेड्यात जायचं निघालं. सासरे एसटीनं जाऊ म्हणत होते. नवा टप मिरवायची हौस मला. मी त्यांना गाडीत बसवलंच. गावाजवळ आल्यावर म्हणालो, "टप पाडू का? ऐटीत जाऊ."

"राहू द्या. फेटा उडंल माझा."

गावात शिरणारी पांद, दोन बांधांमधली गाडीवाट, खोल होती. गाडी तिच्यात अशी बुडाली की बांधावरून दिसत होता तो फक्त खाकी टप. तेवढ्यात कोणी तरी ओरडलं, "आली! जीप आली!" कडेच्या शेतातली माणसं उभ्या तुरीत घुसली. पारावरचे धोतराचे सोगे सावरत पळाले. मला वाटलं, गाव आपल्या स्वागताच्या तयारीला लागलंय. मी हॉर्नही वाजवला.

सासऱ्यांच्या ध्यानात आलं. ते नसबंदीच्या मोहिमेचे दिवस होते. खाकी टपाची सरकारी जीप दिसली की गावंच्या गावं शिवारात पळायची. सासरे बिचारे गाडीतून उतरून ओरडले, "आरं भिऊ नका! हे आमचे जावई हायेत, डॉक्टर हायेत!"

'डॉक्टर' ऐकल्यावर जे दोघं-तिघं रेंगाळले होते तेही नाहीसे झाले.

मुलाच्या घरी पोचलो तर दारात मुलाची आई काठी घेऊन उभी. "माझ्या लेकराचं आजून लगीन न्हाई, आन् त्याला कुटं न्यायलाव?"

"त्याच्या लग्नाचंच बोलायला आलोय आमी," सासरे हात जोडून म्हणाले. "हे दाताचे डॉक्टर हायेत. निस्ते दाताचे."

तिचा विश्वास बसेना. मग कडब्याच्या गंजीमागून एक म्हातारा आवाज आला, "दाताचे हायेत तर माझी दाढ सांगा बरं कोणती दुखायली?" ते मुलाचे वडील होते. गंजीच्या कडेनं त्यांनी तोंड तेवढं बाहेर काढलं, आ वासला, अंग मात्र आतच. मी कमरेत वाकून त्यांच्या तोंडात पाहिलं आणि किडकी दाढ दाखवली. तेव्हा कुठं ते बाहेर आले आणि त्यांनी तुरीकडं तोंड करून मुलाला हाक मारली. नवरदेव आला तो डोक्यात तुरीचा पाला घेऊन. आल्याआल्या पाया पडला, पण माझ्या नाही. माझ्यापासून तो हातभर लांबच बसला.

सोयरीक जमली. परतताना मानवतजवळ सासऱ्यांनी फेटा नीट बांधला. मग एकदम म्हणाले, "जावईबापू, लग्नाला मात्र एसटीनं या."

घरी आल्यावर बायकोला सगळं सांगितलं. ती पदर तोंडाला लावून हसत राहिली. टप बदलावा असं तेव्हाच मनात आलं होतं. पण कबूल कोण करणार? पुढं वर्षभर मी कुठल्याही खेड्यात गेलो की गाडी शिवेबाहेर बाभळीखाली लावायचो, टप पाडून त्यावर सतरंजी टाकायचो आणि धूळ तुडवत पायी गावात जायचो. कोणी विचारलं तर सांगायचो, चालणं प्रकृतीला चांगलं असतं.