उंबऱ्यावरची ऑपरेटर

"चपला काढल्या ना? मग आता तिथंच थांब. आत नको."

मॅनेजरसाहेब हसत हसत बोलले. धुळ्याच्या त्या कापसाच्या जिनिंगमध्ये कॉम्प्युटर आला होता. गार खोली, काचेचं दार. बठ्ठे, म्हणजे सगळेच, चपला काढून आत जायचे. मी चपला काढून बाहेर. बौद्धवाड्यातली ना मी!

कॉम्प्युटरचा क्लास केलेली ऑफिसात मी एकटीच. टाइपरायटर आता गुंडाळणार होते. कॉम्प्युटर हातात आला नाही तर टायपिस्टची माझी नोकरी गेलीच समजा. पण खुर्चीवर बसला मालकाचा भाचा. त्याला ओ की ठो येत नव्हतं. मी उंबऱ्यावरून ओरडायची, "एंटर दाबा. अहो ते नाही, मोठं बटण!" तो दाबायचा. कापसाच्या गाठींची यादी निघायची. शाबासकी त्याला. आणि मी मूर्ख, तेवढ्यावर खूश व्हायची.

एकदा यादी अडली. ट्रक खोळंबले. मला राहवलं नाही. आत शिरले, दोन बटणं दाबली, यादी निघाली. दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांनी कीबोर्डवर गोमूत्र शिंपडलं. चांगलं वाटीभर. कीबोर्ड बंद.

"बघा, हिचा हात लागला अन् बिघडलं!"

चोराच्या उलट्या बोंबा!

माझे आबा तिथलेच हमाल. त्यांना बोलावून घेतलं. डोक्याला कापूस चिकटलेला. मला काही न विचारता त्यांनी हात जोडले. "साहेब, पोरनी चूक व्हयनी. माफ करा."

मला आबांची लाज वाटली. खरंच वाटली. हे सांगतानाही मान खाली जाते. माझी नोकरी वाचावी म्हणून ते हात जोडत होते आणि मी भिंतीकडे बघत उभी. न केलेली चूक मी मुकाट गिळली.

नवा कीबोर्ड आला. ट्रक पुन्हा उभे. साहेब माझ्या बाजूला उभे, समोरच आबा गाठी चढवत होते. भाचा आतून म्हणाला, "ताई, सांगा ना, पुढं काय दाबू?"

उत्तर माझ्या ओठांवर होतं. मी चपला पायात घातल्या.

"कीबोर्ड तुमच्या गोमूत्रानं बंद पडला, साहेब. आबांनी मागितलेली माफी मी परत घेते."

"मनं काम जाई, पोरी," आबा पुटपुटले.

गेलं. दोघांचंही गेलं. आबा कितीतरी दिवस माझ्याशी बोलले नाहीत. त्या दिवशी मी भिंतीकडे बघत राहिले, त्याची लाज अजून आहे. राहू दे. पण उंबऱ्यावर उभी राहून मी कुणाला एक बटणसुद्धा सांगणार नाही. सांगेन तर खुर्चीवर बसून.