चष्मा बाहेर, मामंजी आत

परवा नातवानं वर्तमानपत्रातली एक गंमत मला वाचून दाखवली. अमेरिकेत म्हणे आमिश नावाचे लोक आहेत. ते घोडागाडीतून हिंडतात, घरात विजेची तार येऊ देत नाहीत, आणि टेलिफोन लागलाच तर शेताच्या कडेला खोपटात ठेवतात. बोलायला हरकत नाही, फक्त घरात नको. नातू हसून हसून लोळला. मी त्याला विचारलं, "त्यांच्यात कुणी कोल्हापूरहून गेलेलं आहे का रे?" कारण हा कायदा मी नवी नवरी म्हणून कोल्हापुरात आले तेव्हाच पाहिला होता. तेव्हा गावात महाराजांचं राज्य होतं आणि आमच्या घरात मामंजींचं, म्हणजे माझ्या सासऱ्यांचं.

मामंजींच्या वडिलांनी मरताना सांगितलं होतं, विलायती वस्तू उंबऱ्याच्या आत घ्यायची नाही. मामंजींनी तो शब्द अक्षरशः पाळला. विलायती वस्तूंशी त्यांचं वैर मुळीच नव्हतं. पेठेत नवं काही आलं की पहिले गिऱ्हाईक तेच. फक्त आणलेली वस्तू उंबऱ्याबाहेर, दारापुढच्या सोप्यावर राहायची.

"महाराजांनी आगगाडी फिरवावी, मोटार फिरवावी. त्येंचं राज्य हाय," ते म्हणायचे. "पर माज्या उंबऱ्याच्या आत कंदील बी येनार न्हाय."

म्हणून कंदील खिडकीबाहेर टांगलेला असायचा आणि आम्ही आत त्याच्या उजेडात जेवायचो. उजेडाला मनाई नव्हती. काड्यापेटी सोप्यावरच्या फळीवर असे. सासूबाई, ज्यांना मी आत्याबाई म्हणे, रोज पहाटे बाहेर जाऊन काडी ओढायच्या, तिच्यावर गोवरीचा तुकडा पेटवायच्या आणि तो आत चुलीत आणायच्या. कारण काडी विलायती, पण विस्तव देशी, असा निवाडा झालेला होता. घड्याळ भिंतीच्या बाहेरच्या अंगाला, रस्त्याकडं तोंड करून. किती वाजले हे आम्हाला सोडून अख्ख्या पेठेला ठाऊक असायचं.

चहा सोप्यावरच उकळायचा आणि तिथंच प्यायचा. पण प्यालेला चहा पोटातून आत जातो त्याचं काय, असा पेच एकदा आमच्या ह्यांनीच काढला. मामंजी बरेच दिवस विचारात पडले. शेवटी ठरलं की चूळ भरायची आणि खुशाल आत यायचं.

"पोटात काय हाय ते देवाला ठावं," ते म्हणाले. "उंबऱ्यानं कशाला बगायचं?"

या कायद्याचा खरा मार बसला तो कायदा करणाऱ्यालाच. मामंजींना चष्म्याशिवाय धड काही दिसत नसे, आणि चष्म्याच्या काचा विलायती. दाराशेजारच्या कोनाड्यात चष्मा काढून ठेवायचा, मगच आत पाऊल टाकायचं. बाहेर वाघासारखा हिंडणारा माणूस आत आला की चाचपडायला लागायचा. खांबाला थडकून कपाळाला कायम टेंगूळ. दुधात साखर म्हणून मीठ. एकदा मी चुलीपाशी होते आणि माजघरातून त्यांचा आवाज चढत चाललेला ऐकला.

"कवाधरनं पानी मागतोय! उभी काय ऱ्हायलीस नुसती? तोंड तरी उघड!"

जाऊन बघते तर समोर दोरीवर आत्याबाईंचं लुगडं वाळत होतं. खुद्द आत्याबाई परसातून तांब्या घेऊन येत होत्या.

"बोला, बोला त्येच्याशीच," त्या म्हणाल्या. "माज्यापरास ते बरं. उलट तरी बोलत न्हाय."

मी तोंडात पदर कोंबून चुलीकडं पळाले.

पण माझंही हसू फार दिवस टिकलं नाही. माझे वडील मिरजेच्या स्टेशनात गाड्यांचे रूळ बदलणारे सांधेवाले होते. आई गेल्यावर तिचं हाताचं शिवणाचं मशीन त्यांनी मला दिलं. आगगाडीनं येऊन, स्टेशनापासून स्वतःच्या खांद्यावर घेऊन ते दारात उभे राहिले. मामंजींनी चष्म्यातून मशीन सगळ्या बाजूंनी पाहिलं, चाक फिरवून पाहिलं.

"पावणं, लई झ्याक वस्तू हाय," ते म्हणाले. "ठेवा की सोप्यावर!"

झालं. आईचं मशीन कंदील आणि घड्याळाच्या पंगतीला जाऊन बसलं. मी बांबूच्या काड्यांचा चिकाचा पडदा सोडून तिथंच शिवायला बसे. उन्हाळाभर काही वाटलं नाही. पण पश्चिमेकडून झड लागली की सोपा आतपर्यंत भिजतो, असं आत्याबाई बोलून गेल्या आणि त्या दिवसापासून मी रोज आभाळाकडं बघायला लागले. आईची तेवढीच एक वस्तू माझ्याकडं होती. ती गंजली तर आई पुन्हा एकदा जाईल, असं मला अगदी खरंच वाटायचं.

मामंजींचा राग मात्र पुरता येत नसे, हेही खरं. माझ्या माहेरी नवं ते सगळं बेधडक घरात येई, कुणी कधी विचारलं नाही. घड्याळ आलं आणि त्याच्या मागोमाग घाई आली. वडील ताटावरून उठून शिट्टीच्या मागं धावायचे, आणि आईचा अर्धा जन्म झाकून ठेवलेल्या ताटाशी गेला. इथं निदान दारात अडवून विचारपूस तरी व्हायची. पण विचारपुशीनं लोखंडाचा गंज थोडाच थांबतो?

आषाढात झड लागली ती थांबेचना. मी मशीनवर घोंगडं टाकलं, वर इरलं टाकलं, तरी खालून पाणी यायचंच. एका दुपारी मी मशीन उचलून मांडीवर घेतलं, त्याच्यावर पदर घातला आणि सोप्यावरच बसून राहिले. आत्याबाई जेवायला बोलवायला आल्या.

"मशीन भाईर तर मी बी भाईर," मी म्हणाले. एवढं मोठ्यानं मी त्या घरात पहिल्यांदाच बोलत होते.

आत्याबाईंनी माझ्याकडं पाहिलं, आतल्या अंधाराकडं पाहिलं, आणि इरल्याची एक कड उचलून माझ्याशेजारी बसल्या. थोड्या वेळानं आमचे हे आले. बायको आणि आई भिजत बसलेल्या बघून तेही बसले.

आत मामंजी एकटेच पाटावर. त्यांनी हाका मारल्या. कुणी उठलं नाही. मग त्यांनी स्वतःच वाढून घेतलं. भातावर आमटी म्हणून जे ओतलं ते पायलीभर भिजत घातलेल्या हुलग्यांचं पाणी होतं. आम्ही बाहेर खुसखुसतोय हे त्यांना ऐकू गेलं. ते चाचपडत दारापर्यंत आले, पायाच्या बोटांनी उंबरा चाचपला आणि तिथंच थांबले.

"हसताय व्हय सगळी?" ते म्हणाले. आवाजात दरारा नव्हता. "मी हितं एकलाच हाय की रं."

आमचं हसू जागच्या जागी विरलं.

दुसऱ्या दिवशी सुतार आला. मामंजी म्हणाले, "ह्यो उंबरा उचल आनि देवघराच्या दाराला बसीव."

"आनि हितं?" सुतारानं विचारलं.

"हितं काय न्हाय. हितं समदं भाईर."

आत्याबाई चपापल्या. "आवो, सासऱ्यांचा शब्द?"

"बाऽनं उंबऱ्याच्या आत म्हनलंतं. उंबरा कुटं ठेवायचा ते काय बोलला न्हाय बिचारा."

उंबरा देवघराच्या दाराला बसला. आत्याबाईंनी त्याला हळदकुंकू वाहिलं. मी मशीन छातीशी धरून माजघरात आणलं, कोरड्या जागी ठेवलं, आणि चाकाला तेल देताना माझे डोळे वाहायला लागले ते थांबेनात.

मग मामंजी आले. सवयीनं त्यांचा हात कोनाड्याकडं गेला, थांबला, आणि चष्मा नाकावर तसाच ठेवून ते घरात आले. खांब पाहिला. दुधाचं भांडं पाहिलं. आणि चुलीसमोर वाकलेल्या आत्याबाईंपाशी येऊन खिळले. चारचौघांत बायकोकडं टक लावून बघायची आमच्यात पद्धत नव्हती, आणि आत आल्यावर चष्मा नसे. त्यांनी आत्याबाईंना नीट पाहून किती वर्षं झाली असतील देव जाणे.

"म्हातारी झालीस की गं," मामंजी म्हणाले.

"मग? तुमी काय पोर ऱ्हायलाय व्हय?" आत्याबाईंनी मान वर न करताच फटकारलं.

मामंजी हसले नाहीत. त्यांनी आणखी थोडं वाकून पाहिलं, चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं. मग माझ्याकडं वळले.

"सूनबाई, तुजं मशीन चालतंय न्हवं? पयली हिची चोळी शिव. पाठीवर समदी इरून फाटाय आलीया, आनि मला आज दिसतीया."