छत्तीसचे चोवीस तास

मंगळवारी दुपारी, रायपूरला, तेलीबांध्याच्या आमच्या घरी जे घडलं ते इथे लिहिते आहे. आधी वस्तुस्थिती, त्याच क्रमाने. मत नंतर.

गेल्या वर्षी माझा प्रोग्रॅमर सहकारी प्रशांत आणि मी मिळून एक ओपन-सोर्स, म्हणजे कोणालाही फुकट वापरता येणारं, सॉफ्टवेअर पॅकेज सुरू केलं. नवजात बाळाला एक विशिष्ट अँटिबायोटिक किती तासांनी द्यायचं, हे ते बाळाचं वजन आणि ते किती दिवस भरून जन्मलं ते पाहून सुचवतं. सूत्रं माझी, मी औषधशास्त्र शिकवते. मांडणी, इन्स्टॉलेशन आणि बाकीचा सगळा व्याप प्रशांतचा.

गेल्या महिन्यात मी वयाच्या हिशेबाचा भाग नव्याने लिहून पाठवला. सगळ्या टेस्ट हिरव्या दिसल्या, प्रशांतने तो स्वीकारला आणि नवी आवृत्ती सर्वांसाठी खुली झाली.

मंगळवारी मी माहितीपुस्तिकेसाठी एक उदाहरण हाताने सोडवत होते. अपुऱ्या दिवसांचं बाळ. माझं उत्तर आलं छत्तीस तास. पॅकेजचं, चोवीस.

मी आधी स्वतःच्या आकडेमोडीवर संशय घेतला... पुन्हा सोडवलं. छत्तीसच.

मग कोड उघडला. माझ्याच नव्या भागात, एका ओळीत, प्रत्येक बाळ पूर्ण दिवसांचं धरलं गेलं होतं. अपुऱ्या दिवसांच्या बाळाची किडनी औषध सावकाश बाहेर टाकते. त्याला ते बारा तास आधी दिलं, आणि पुन्हा बारा तास आधी दिलं, तर औषध अंगात साठत जातं. किडनीला इजा होते, कानांनाही.

 पहिला विचार आला तो हाच, की टेस्ट मग हिरवी कशी?

टेस्ट म्हणजे उत्तर आधीपासून ठाऊक असलेलं उदाहरण. कोड बदलला की संगणक ते पुन्हा सोडवतो. जुळलं तर हिरवी खूण, नाही तर लाल. अगदी अशाच बाळाची टेस्ट आमच्याकडे होती. तिच्यातल्या बदलांचा इतिहास काढला... अपेक्षित उत्तर छत्तीस होतं. माझा बदल स्वीकारला त्याच दिवशी कुणीतरी ते चोवीस केलं होतं. नाव प्रशांतचं.

फोन लावला. तो पत्नीसोबत सदर बाजारात सराफाकडे होता. मागे हॉर्न, आणि कानातल्याच्या फिरकीवरून सराफाशी बोलणाऱ्या वहिनींचा आवाज, "भैया, पेंच थोड़ा टाइट कर दीजिए, पिछली बार भी गिर गया था."

"टेस्टमधलं उत्तर तुम्ही बदललंत?"

"हव, बदललं न. लाल होऊन राहिली होती ते."

"का होते आहे, हे पाहिलंत?"

"तुमचा कोड होता मॅडम. तुमचं काय पाहाचं? मले वाटलं टेस्टच जुनी असन."

नमुना उत्तर विद्यार्थ्याच्या पेपरवरून दुरुस्त करणारा परीक्षक मी आजवर पाहिला नव्हता. तसं मी त्याला सुनावलं, शब्द न गाळता.

तो ऐकून घेत होता. मग म्हणाला, "मागं एका स्वल्पविरामावरून मी तुम्हाले विचारलं होतं, तर तुम्ही मले पानभर ऐकवलं. पुन्हा कोण विचारते, सांगा?"

स्वल्पविरामाचं खरं होतं. "काहून मॅडम, जास्त गडबड आहे काय?" त्याने हळूच विचारलं. मी छत्तीस आणि चोवीस सांगितलं. तो तसाच सराफाच्या दुकानातून निघाला.

संध्याकाळच्या आत आम्ही ती आवृत्ती मागे घेतली, दुरुस्त आवृत्ती ठेवली, पॅकेजच्या वेबपानाच्या माथ्यावर इशारा लिहिला. पण ज्याने आधीच डाउनलोड करून घेतली, त्याच्या संगणकातून ती निघत नाही. आणि डाउनलोड कोणी केली, हे आम्हाला माहीत नाही. नाव विचारायचं नाही, नोंदणी नको, ज्याला हवं त्याने न्यावं... या धोरणाचा मला फार अभिमान होता.

बुधवारी प्रशांतने पानावरची एक प्रतिक्रिया दाखवली. चुकीची आवृत्ती आल्यानंतरची. "हमारे वार्ड में लगा लिया है, काम आसान हो गया. धन्यवाद." प्रोफाइल रिकामं. नाव नाही, गाव नाही.

मी खाली उत्तर लिहिलं. काल पुन्हा लिहिलं. आज सकाळपासून दर थोड्या वेळाने ते पान उघडते आहे, आणि उघडण्याआधी भीती वाटते.

प्रशांत म्हणतो, "वार्डात डॉक्टर राहतात मॅडम, कोणीतरी पाहतच असन." असेल. पण आमच्याकडेही पाहणारा माणूस होता... आणि पाहूनच त्याने लालचं हिरवं केलं.

म्हणून ही पोस्ट. नवजात शिशू विभागात काम करणाऱ्या प्रत्येक ओळखीच्या व्यक्तीपर्यंत ती पोहोचवा. ज्यांनी ती प्रतिक्रिया लिहिली, त्यांनी गेल्या महिन्यातली आवृत्ती ताबडतोब काढावी. मधल्या काळात अपुऱ्या दिवसांच्या किती बाळांसाठी ती वापरली आणि ती बाळं आज कशी आहेत, हे मला लेखी कळवावं. फोन नको, अंगठ्याचा इमोजी नको, 'काळजी करू नका' असं तर मुळीच नको.

एकाही बाळासाठी वापरली नसेल, तर 'एकही नाही' एवढंच लिहा. पण लिहा.