दिघाशीला न वाजलेली शिटी

भिवंडीत असा एकही सामाजिक प्रश्न शिल्लक नसेल, ज्याच्या गळ्यात आमच्या नाटकाच्या सरांनी ढोलकी अडकवली नाही. रस्त्यातले खड्डे, हुंडा, दारू, लूमवरच्या कामगाराचा खोकला, नळाला न येणारं पाणी, सगळ्यांवर त्यांनी नाटकं बसवली. प्रश्न बहुतेक जागच्या जागी राहिले, पण त्या नाटकांत कामं केलेली आमची पिढी मात्र कुठेच गप्प बसेनाशी झाली. खरं म्हणजे सर कॉलेजात बुककीपिंग शिकवायचे. वर्गात डेबिट-क्रेडिट सांगताना ते इतके कंटाळलेले असत, की आम्हालाच त्यांची दया यायची. पण शेवटचा तास संपला, की हाच माणूस पँटच्या कडा दुमडून, जिमखान्यातून उचललेली शिटी गळ्यात अडकवून सायकल स्टँडच्या पत्र्याखाली उभा राहायचा आणि अत्यंत प्रेमानं विचारायचा, "बोला, आज कोणाचा कोणावर राग आहे?"

प्रश्न वरवर साधा, पण त्यात आम्ही एकजात सगळे फसलो. कारण सरांचा नियमच असा, की ज्याला ज्याचा राग, त्यानं नाटकात त्याचंच काम करायचं. मी पहिल्या दिवशी भोळेपणानं आईचं नाव सांगून बसलो. ऐन परीक्षेत ती मला पाण्याचे हंडे भरायला लावायची, एवढंच कारण. त्यानंतर कॉलेज संपेपर्यंत मी साडी नेसून आया, सासवा आणि विधवा आत्या केल्या. आई एकदा प्रयोगाला येऊन गेली. घरी आल्यावर एवढंच म्हणाली, की मी काही इतकी ओरडत नाही, आणि माझी साडी घडी घालून जागेवर ठेव. लूमवाल्या शेठचा एक मुलगा आमच्यात होता आणि त्याच्याच वडिलांच्या कारखान्यातल्या कारागिराचा मुलगाही होता. सरांनी अर्थातच अदलाबदल केली. कारागिराचा मुलगा शेठच्या कामात इतका रंगला, की तालीम संपली तरी कँटीनमध्ये उभा राहून "ड्युटी पे टाइम से आया करो" असं सगळ्यांना सुनवायचा. शेठचा मुलगा शेवटी सरांकडे गाऱ्हाणं घेऊन गेला, की हा मला चहासुद्धा प्यायला सोडत नाही. सरांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि हेच गाऱ्हाणं जसंच्या तसं घरी वडिलांपुढे मांडायला सांगितलं.

शिटीचंही एक शास्त्र होतं. शिटी वाजली की जो जसा असेल तसा त्यानं थिजून उभं राहायचं. मग सर प्रेक्षकांकडे वळून विचारणार, की आता पुढं काय व्हावं, ज्याला वाटतं त्यानं येऊन करून दाखवावं. त्यामुळे आमच्या कुठल्याही नाटकाला शेवट नसे. विद्यापीठाच्या युवा महोत्सवात परीक्षकांनी हीच उणीव काढून आम्हाला दरवर्षी घरी पाठवलं. सरांना त्याचं सोयरसुतक नव्हतं. "शेवट आपल्याला माहीत असता तर नाटक कशाला केलं असतं?" असं म्हणून ते आम्हाला वडापाव खिलवायचे. एकदा अंजूरफाट्याला कंटेनरांच्या रांगेत आमची रिक्षा अडकली, तर सरांनी तिथंच हुंड्याच्या नाटकाचा प्रयोग लावला. ड्रायव्हर लोकांनी हॉर्न वाजवून दाद दिली, शिटी वाजली, आम्ही थिजलो आणि नेमकी तेव्हाच वाहतूक सुटली. जळालेली सून रस्त्याच्या एका बाजूला आणि तिचं सासर दुसऱ्या बाजूला, असे आम्ही बराच वेळ उभे होतो. स्टाफच्या मीटिंगमध्ये तर त्यांनी सवयीनं प्राचार्यांच्या भाषणात शिटी फुंकली होती म्हणतात. प्राचार्यही बोट वर करून थिजले. पुढं काय व्हावं, हे मात्र कुणी करून दाखवलं नाही.

आमच्या गटात वनिता नावाची मुलगी होती. दिघाशीजवळच्या पाड्यावरून यायची. वडील पावसाळ्यात शेती करायचे, एरवी मिळेल तिथं रोजानं जायचे. त्यांच्या घरातून कॉलेजात पोचलेली ती पहिलीच. दुसऱ्या वर्षाला असताना एकदा सरांचा नेहमीचा प्रश्न झाला आणि कधी तोंड न उघडणारी ती पोर म्हणाली, "बाबावर." वडिलांनी तिचं कॉलेज सोडवून तिला पूर्णा गावातल्या एका गोदामात पॅकिंगला लावायचं पक्कं केलं होतं. येत्या सोमवारपासून शिफ्ट. मुख्य म्हणजे गोदामाची बस थेट पाड्याच्या तोंडाशी यायची. कॉलेजसाठी मात्र तिला एसटीच्या फाट्यापर्यंत लांबची रानातली वाट एकटीनं तुडवावी लागे, आणि त्या धास्तीनं बापाच्या जिवाला रोज घोर. तो दुष्ट नव्हता, हीच मोठी पंचाईत होती. दुसरे कुणी सर असते तर घरी जाऊन चार समजुतीच्या गोष्टी सांगून आले असते. आमच्या सरांनी वनिताला बापाचं काम दिलं, पोरीचं काम अर्थातच मला दिलं, आणि रविवारी सकाळी पाड्याजवळच्या शाळेच्या पटांगणात प्रयोग लावून टाकला.

वनितानं डोक्याला टॉवेल गुंडाळला, कानावर बिडी ठेवली आणि पहिल्यांदा घसा खाकरला, तेव्हाच अख्खा पाडा हसून लोळायला लागला. पुढं बसलेली एक म्हातारी तर डोळे पुसत "त्योच हाय, त्योच हाय" म्हणत होती. बाप पोरीला गोदामात धाडतो, पोरगी रडते, इथवर नाटक आलं आणि सरांनी शिटी फुंकली. एरवी इथं सरांना लोकांच्या विनवण्या कराव्या लागत. त्या दिवशी मागून एक माणूस गर्दी कापत तरातरा आला. तो वनिताचा बाप होता आणि तिला हाताला धरून घरी न्यायला आला होता. सरांनी त्याला कधी पाहिलेलं नव्हतं. न बोलावता कुणीतरी उठलं, या आनंदात त्यांनी माझ्या अंगावरची ओढणी ओढली आणि त्याच्या खांद्यावर टाकली. म्हणाले, "या, या. तुम्ही पोरगी." वनिताचा चेहरा बघून मी काय ते समजलो आणि सरांचा शर्ट मागून ओढत राहिलो. पण सर अशा वेळी ब्रह्मदेवाच्या बापाचंही ऐकत नसत. लोकांनी टाळ्या पिटल्या. बापाची अवस्था धरलं तर चावतं अन् सोडलं तर पळतं अशी. ओढणी टाकून निघून जावं, तर पाडा वर्षभर हसणार.

वनितानं टॉवेल सारखा केला. आमच्याकडची शिस्तच होती, घेतलेलं काम अर्ध्यात टाकायचं नाही. बापाच्या आवाजात ती म्हणाली, "गोदामाची बस दारात येती. तुज्या कॉलेजाची येती का?"

लोक मागून उत्तरं सुचवायला लागले. शेवटी बाप खाली बघत म्हणाला, "न्हाय येत. मी चालन."

"रानातून? एकलीच? कोन हाय तुज्या संगती?"

त्यानं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. मग अगदी हळू म्हणाला, "बाबा येल ना संगती."

वनिता बापाचा आवाज विसरली आणि टॉवेलातच नुसती बघत राहिली. आम्ही सगळे सरांकडे पाहत होतो. शिटी त्यांच्या ओठांत होती, पण ती वाजली नाही. मला रडू आलं, आणि ते सांगायला मला लाज वाटत नाही. बापानं ओढणी काढून माझ्या हातात दिली, मना नाटक येत न्हाय असं पुटपुटला आणि निघून गेला. तो बोलला ते नाटकातलं की खरं, हे कुणालाच कळेना.

सोमवारी गोदामाची बस आली, हॉर्न देऊन वनिताशिवायच गेली. वनिता आली ती कॉलेजात, दुसऱ्या तासाला. बाबा फाट्यापर्यंत आला होता. वाटभर पुढं पुढं चालला, असं तिनं नंतर सांगितलं. तास सरांचाच होता. त्यांनी तिला उशिराबद्दल चांगलं झापलं आणि मग आमच्याकडे पाठ करून कोरा फळा बराच वेळ पुसत राहिले.

आता वनिता एका शाळेत शिकवते. तिचा बाबा पाहुण्यांना सांगतो, की आपणही एकदा नाटकात काम केलंय. सर निवृत्त झालेत. वळ गावात राहतात. घराच्या चारी बाजूंना गोदामं उभी राहिलीत. सोसायटीच्या मीटिंगमध्ये ते सगळ्यांना कोणावर राग आहे ते विचारतात, म्हणून हल्ली मीटिंगला कुणी येत नाही म्हणे. परवा मी भेटायला गेलो, तर बनियनवर शिटी तशीच होती. चहा झाल्यावर त्यांनी मलाही विचारलं. मी म्हटलं, "कोणावरच नाही, सर." त्यांचा चेहरा जरा उतरला. "मग तुला काम तरी कोणतं देणार?" असं म्हणून ते खिडकीबाहेर बघत बसले.

रस्त्यावर आल्यावर मला उत्तर सुचलं. तुमच्यावर, असं म्हणायला हवं होतं. म्हणजे नियमाप्रमाणे त्यांचं काम मला करायला मिळालं असतं.