भिंतीपलीकडचा शुक्रवार

मंगळवारी दुपारी नवऱ्याच्या ऑफिसातून फोन आला. मीटिंगमध्ये बोलता बोलता तो खुर्चीवरून खाली पडला होता. त्याला हॉस्पिटलमध्ये नेलं होतं. मी शारजाहून टॅक्सीने दुबईला पोचले तेव्हा तो गेला होता.

त्याच आठवड्यात त्याला घेऊन मुलगी आणि मी पुण्याला गेलो. निघण्याआधी कंपनीचा पीआरओ, म्हणजे सरकारी कागदपत्रांसाठी ठेवलेला माणूस, त्याच्या पासपोर्टवर व्हिसा रद्द केल्याचा शिक्का मारून घेऊन आला. त्याशिवाय नेता येत नाही, म्हणाला. नोकरी सोडून मायदेशी परतणाऱ्याच्या पासपोर्टवर मारतात तोच हा शिक्का. मी तो बराच वेळ पाहत बसले. माणूस कसा गेला ते त्या शिक्क्यावरून कळत नव्हतं.

दिवसकार्य झाल्यावर सासूबाई म्हणाल्या, "आता तिकडे कशाला जाता गं? कोण आहे तिथे तुमचं?" मुलगीच इंग्रजीत म्हणाली, "आजी, माझी शाळा आहे." ती शारजात जन्मली, तिथेच वाढली. पुणं म्हणजे तिच्या लेखी उन्हाळ्याच्या सुट्टीत यायचं गाव. ती दहावीत होती आणि बोर्डाची परीक्षा मार्चमध्ये होती. बाबा गेल्यानंतर तिने माझ्याकडे एकच गोष्ट मागितली. परीक्षा आपल्या शाळेतून, आपल्या मैत्रिणींबरोबर द्यायची. मी हो म्हणाले. ते हो कसं निभावायचं, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

कारण आमचे दोघींचे व्हिसा त्याच्या नावावर होते. तो नाही, तर आम्हीही नाही. परत आल्यावर पीआरओ घरी येऊन गेला. केरळचा होता, मनाने चांगला. चहाला हातही न लावता म्हणाला, "मॅडम, दो-तीन महीने मैं खींच लूँगा. मार्च तक नहीं होगा. कोई नौकरी देख लो, वो लोग व्हिसा देगा. नहीं तो..." पुढचा शब्द 'खलास' होता. तो त्याने हातानेच सांगितला.

आम्ही अल नहदामध्ये राहत होतो. समोरचा रस्ता ओलांडला की दुबई सुरू होते, आणि भाडं मात्र शारजाचं, म्हणून आमच्यासारखी कुटुंबं तिथे एकावर एक रचल्यासारखी राहायची. आमच्या मजल्यावर आठ दारं होती. दुबईतली ओळखीची मराठी माणसं भेटून गेली, डबे देऊन गेली. इमारतीत मात्र कोणाला काही कळलं नव्हतं. कळायचं कसं? तो गेला ऑफिसात. तिथून हॉस्पिटलात. तिथून विमानात. या दारातून तो त्या मंगळवारी सकाळी रोजच्यासारखा बॅग घेऊन बाहेर पडला, एवढंच इमारतीने पाहिलं.

शेजारच्या फ्लॅटमध्ये कराचीच्या एक आँटी मुलगा-सुनेकडे राहायच्या. इतक्या वर्षांत आमचं बोलणं लिफ्टमधलंच. एकदा लिफ्टमध्ये त्या म्हणाल्या, "बेटा, जुम्मे को वो गाने की आवाज़ नहीं आती आजकल. भाईसाहब मुल्क गए हैं?"

शुक्रवारी सकाळी तो नाट्यगीतांची कॅसेट लावायचा. सुट्टीचा दिवस, अंघोळ करून ओल्या केसांनी तो पोह्यांना कांदा चिरायला बसायचा आणि टेप जरा मोठ्यानेच लावायचा. मशिदीत खुतबा, म्हणजे शुक्रवारच्या नमाजाचं प्रवचन, सुरू व्हायच्या आत बंद करायचा. भिंतीपलीकडे कोणी ते ऐकत असेल, असं माझ्या मनातही आलं नव्हतं.

"हाँ," मी म्हणाले.

"छुट्टी पे, या कॅन्सल कराके?"

"कॅन्सल कराके."

"अच्छा किया," आँटी म्हणाल्या. "आख़िर में सबको अपने मुल्क ही जाना है." लिफ्ट खाली पोचली. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि त्या बाहेर पडल्या.

पुढे हे सोपं होत गेलं. खालचा ग्रोसरीवाला म्हणाला, साहेब दिसत नाहीत. मी म्हटलं, इंडियाला गेले. तो म्हणाला, माझा सलाम सांगा. मी म्हटलं, सांगते. तिकडे माणूस दिसेनासा झाला की तो घरी गेला असं सगळे धरून चालतात, आणि बहुतेक वेळा ते बरोबरही असतं. सगळे कधी ना कधी फ्रिज विकून, पडदे कोणाला तरी देऊन जातात. एका अर्थी मी खोटं बोलत नव्हते. तो इंडियालाच गेला होता.

मी पुण्यात इंग्रजी घेऊन एम.ए. केलं होतं. लघुप्रबंधाचा विषय होता आधुनिक अमेरिकी कवितेतला एकाकीपणा आणि परात्मता. तो मी नऊ माणसांच्या घरात, माजघरातल्या दिवाणावर बसून लिहिला. शेजारी काका वर्तमानपत्र मोठ्याने वाचायचे, चुलतबहीण मेंदी घोटायची. लग्नानंतर ते ऐकून नवरा खूप हसला होता. "म्हणजे एकटेपणावर लिहिताना तुला एकदा तरी एकटं बसायला मिळालं का?" नव्हतं मिळालं. मी कारणं लिहिली होती. यंत्रयुग, युद्ध, श्रद्धेचा ऱ्हास, महानगर. प्रत्येक कारणाखाली उदाहरणं होती. परीक्षकांना प्रबंध आवडला होता.

शारजाला आल्यावर त्या कविता मी पुन्हा वाचल्या, दुपारी, एसीच्या आवाजात. तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. त्यातली माणसं निर्जन ठिकाणी फारशी नसतात. ती असतात दिव्यांच्या उजेडात. दुकानात, धुलाईकेंद्रात, हमरस्त्यावरच्या पेट्रोलपंपावर, हॉटेलच्या खोलीत. दुसरं माणूस तिथे जवळच असतं, भिंतीच्या किंवा काचेच्या पलीकडे. आणि 'मी एकटा आहे' असं त्यातला कवी सहसा म्हणत नाही. तो आपला सांगत राहतो, दिवा कसला होता, रस्ता कुठे जात होता. रात्री अल ऐनहून येताना आम्हाला वाळूच्या मधोमध असाच एखादा उजळलेला पंप लागायचा आणि नवरा म्हणायचा, "आला बघ तुझा प्रबंध." मग आम्ही तिथे उतरून कडक चहा घ्यायचो. दोघं असलो की त्या जागेचं काही वाटत नसे.

तर मी नोकरी शोधू लागले. शारजातल्या एका भारतीय शाळेत इंग्रजीच्या बाई मध्येच सोडून गेल्या होत्या. शाळा व्हिसा देणार होती, पण आधी एक तास शिकवून दाखवायचा होता. सुपरवायझर बाईंनी फोनवर सांगितलं, नववीचा वर्ग, बुधवारचा शेवटचा तास. बुधवारी शेवटचा तास म्हणजे पुढे गुरुवार-शुक्रवार दोन दिवसांची सुट्टी, मुलं अर्धी घरी पोचलेली. मुलगी मला म्हणाली, "आई, प्लीज रडू नकोस हं तिथे." मी म्हटलं, नाही रडणार.

धड्यात एक अमेरिकी कविता होती. लहान होती. एक माणूस भाड्याच्या खोलीत राहतो. रोज संध्याकाळी त्याला शेजारच्या खोलीतला रेडिओ ऐकू येतो. शेजाऱ्याचा चेहरा त्याने कधी पाहिलेला नाही. एके दिवशी रेडिओ वाजत नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. माणूस भिंतीला कान लावतो. कविता तिथे संपते.

मी ती वाचून दाखवली. सुपरवायझर मागच्या बाकावर बसल्या होत्या. मी विचारलं, "हा माणूस एकटा आहे, हे कुठल्या ओळीवरून कळतं?"

मुलं इंग्रजीतच बोलत होती. एक मुलगा म्हणाला, "मॅम, एकटा कुठे आहे? शेजारी रेडिओ आहे ना."

"आमच्या शेजाऱ्याचा रेडिओही नाही," त्याच्या मागचा म्हणाला. "नुसते बूट आहेत. दाराबाहेर."

"म्हणजे तुझी अवस्था जास्त वाईट."

"बूट चांगले आहेत पण. अकरा नंबर." वर्ग हसला.

मी विचारलं, शेजाऱ्याचं नाव माहीत असलेले किती? तुरळक हात वर आले. एक मुलगी म्हणाली, "मॅम, ते दरवर्षी बदलतात. पाठ करून काय करायचं?" आणि पहिल्या बाकावरची, जिच्या वहीत सगळं नीट लिहिलेलं होतं, तिने खरोखरच गोंधळून विचारलं, "मॅम, याला थीम का म्हणायचं? ही तर फक्त बिल्डिंग आहे."

मी खडू हातात धरून उभी राहिले. माझा सगळा प्रबंध या वाक्यापुढे लुळा पडला होता. परकं व्हायला आधी कुठलं तरी आपलं असावं लागतं. नऊ माणसांचं माजघर असावं लागतं, किंवा शुक्रवार असावा लागतो. या मुलांना त्यातलं काही गमवावं लागलं नव्हतं. त्यांच्यासाठी कवितेतली खोली ही नुसती खोली होती. ते बरं की वाईट, मला आजही सांगता येत नाही.

मग मी शेवटच्या ओळींकडे वळले. "रेडिओ का थांबला असेल?"

"घरी गेला असेल, मॅम."

"कंपनीने ट्रान्सफर केलं."

"व्हिसा कॅन्सल. फॉर गुड."

सगळ्यांच्या माना हलल्या. कोणालाच शंका नव्हती. ती कविता अमेरिकेत वाचली असती तर पहिल्याच मुलाला कळलं असतं, शेजारी मेला म्हणून. इथे चौथ्या-पाचव्या मजल्यांवर वाढलेल्या मुलांना वाटलं, तो विमानाने आपल्या देशी गेला आणि तिथे सुखात आहे. मीच लिफ्टमध्ये जे सांगत होते, ते वर्गभर मला परत ऐकू येत होतं.

हो म्हणून पुढे जाता आलं असतं. पण मग कविता उरत नव्हती. तो माणूस भिंतीला कान का लावतो, हे सांगता येत नव्हतं.

"नाही," मी म्हणाले. "तो मेला."

"पण मॅम, तसं लिहिलेलं नाही," पहिल्या बाकावरची म्हणाली. तिचं बरोबर होतं.

"लिहिलेलं नाही," मी म्हणाले. "माझा नवरा ऑक्टोबरमध्ये गेला. वारला. आमच्या इमारतीत सगळ्यांना वाटतं, तो गावी परत गेला. मीच तसं सांगितलं. शुक्रवारी सकाळी तो गाणी लावायचा. आता शेजारच्या बाई विचारतात, गाणं का येत नाही."

मी रडले नाही. बूटवाला मुलगा पुस्तकात पाहत होता. पहिल्या बाकावरची हळू म्हणाली, "मग मॅम, भिंतीला कान लावणारा माणूस म्हणजे त्या बाई." मी म्हटलं, हो. तासाची घंटा झाली आणि बुधवार असूनही कोणी धावत सुटलं नाही.

बसस्टॉपवर उभी राहून मी मनात हिशेब मिटवला होता. वर्गात घरचं सांगणाऱ्या बाईला कोण नोकरी देतं? मुलीला काय सांगायचं, याची वाक्यं जुळवत मी घरी आले.

संध्याकाळी सुपरवायझरांचा फोन आला. या वेळी त्या मराठीत बोलल्या. "तुम्ही पुण्याच्या ना? मी वसईची हो. शनिवारी या, पासपोर्ट घेऊन. दोघींचा."

मी म्हटलं, "मी तसं बोलायला नको होतं वर्गात."

"नको होतं," त्या म्हणाल्या. "परत नका बोलू. पण ती नववी मला ठाऊक आहे, बाई. बुधवारी ती पोरं माझंपण ऐकत नाहीत." मग म्हणाल्या, "जेवलात का?"

फोन ठेवल्यावर मी मुलीला सांगितलं. ती भूगोलाचं पुस्तक उघडून बसली, आणि बऱ्याच वेळाने तिने पान उलटलं.

मी बाहेर येऊन शेजारची बेल वाजवली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. आँटींनी दार उघडलं. मी उंबऱ्यावरच सांगितलं. त्यांनी आधी माझा हात धरला. मग एकदम म्हणाल्या, "और मैंने कहा, अच्छा किया." त्या तेच पुन्हा पुन्हा म्हणत राहिल्या. मी म्हटलं, आँटी, तुम्हाला कसं कळणार? त्यांनी मला आत नेऊन बसवलं. त्यांच्या बैठकीचा सोफा बरोबर आमच्या भिंतीला लागून होता. "मैं यहीं बैठती थी," त्या म्हणाल्या. "समझ में कुछ नहीं आता था. मैं कहती थी, आज तो लंबा वाला लगाया है."

त्या आठवड्यातल्या शुक्रवारी मी कॅसेट लावली. एक बाजू पूर्ण वाजू दिली. कांदा चिरला नाही.

मुलीने परीक्षा दिली, तिच्याच शाळेतून. त्या उन्हाळ्यात आँटींच्या मुलाची नोकरी संपली आणि ते सगळे गेले. जाताना त्या स्वतः येऊन सांगून गेल्या. मी आणखी काही वर्षं त्या शाळेत शिकवलं. ती कविता दरवर्षी शिकवली, माझं काही न सांगता. मग मुलगी शिकायला परदेशी गेली आणि मीही एक दिवस फ्रिज विकला, पडदे वाटून टाकले, पासपोर्टवर शिक्का मारून घेतला.

आता मी पुण्यात राहते. इथे शुक्रवारी सुट्टी नसते. मी मात्र शुक्रवारी सकाळी कुठलंही काम काढत नाही.